दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

जुन्या रेकॉर्डी विकायचा उद्योग मी सुरू केला तो बायकोच्या एका वाक्यामुळे. ती म्हणाली, "घरात एक आली की एक गेली पाहिजे." तोवर आमच्या लातूरच्या दोन खोल्यांत सत्तरएक रेकॉर्डी झाल्या होत्या आणि त्यातल्या वीस ज्वारीच्या कोठीवर होत्या. ज्वारी काढायची तर आधी संगीत उतरवावं लागायचं.

हा नाद मला नांदेडला लागला. मी मूळचा अहमदपूरचा, सरकारी कचेरीत कारकून. लातूरहून नांदेडला बदली झाली तेव्हा मुलीची दहावी होती, म्हणून बिऱ्हाड हललं नाही. मी एकटाच तिकडे खोली घेऊन राहिलो आणि दर शनिवारी घरी यायचो. कचेरी सुटल्यावर करायला काही नसायचं. जुन्या गावातल्या एका गल्लीत रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथं एकदा ट्रान्झिस्टर दाखवायला गेलो आणि मग रोजच जाऊन बसायला लागलो. दुकानदार सत्तरीचे. सगळी गल्ली त्यांना मामू म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो. दुकानात दुरुस्तीपेक्षा जुन्या रेकॉर्डींचे गठ्ठेच जास्त होते.

रेकॉर्ड कशी बघायची ते मला मामूंनी शिकवलं. माझा समज असा की चकाकती ती चांगली. मी तशीच एक उचलली तर ते म्हणाले, "चमक नक्को देखो साब. चमक तो जूते को भी आती." मग त्यांनी ती माझ्याकडून घेतली, दोन तळव्यांच्या मध्ये कडेनं धरली आणि दारातल्या उन्हात तिरपी केली. समोरून काळीभोर दिसणारी रेकॉर्ड एकदम राखाडी दिसायला लागली. जड सुईखाली वर्षानुवर्षं फिरून तिच्या खाचा झिजल्या होत्या.

पुढं पुढं मला बरंच कळायला लागलं. मधल्या भोकाभोवती कागदावर मिशांसारख्या बारीक रेघा असतील तर समजायचं की मालकाला घाई फार, भोक सापडेपर्यंत तो रेकॉर्ड घासत बसायचा. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली रेकॉर्ड पापडासारखी वाकते. तिच्यावर सुई होडीसारखी वर-खाली होते आणि गाणाऱ्याला उचकी लागल्यासारखं ऐकू येतं. जुने जड तवे, म्हणजे आधीच्या काळातल्या लाखेच्या रेकॉर्डी, स्पिरिटनं कधी पुसायचे नाहीत, ते विरघळतात. धुवायला गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी घ्यायचं, नळाच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. हे शेवटचं बायकोला लगेच पटलं, कारण लातूरचा नळ तेव्हा आठ दिवसांनी यायचा आणि त्यातलं पाणी मी रेकॉर्डींना लावलं असतं तर मलाच कोठीवर बसावं लागलं असतं.

एवढ्या माहितीवर मी स्वतःला जाणकार समजायला लागलो. लातूरला परत आलो, फोनवर शौकिनांच्या एका ग्रुपात शिरलो आणि फोटो टाकून रेकॉर्डी विकायला लागलो. फोटोखाली 'स्थिती' लिहावी लागते. मी सगळ्यांखाली एकच शब्द लिहायचो: उत्तम.

हा शब्द मी का सोडला ते सांगतो. देवणीचे एक निवृत्त पशुवैद्य माझ्याकडून रेकॉर्डी घ्यायचे. गाण्याची जुनी आवड होतीच, पण त्यांची खरी ख्याती जनावरं पारखण्याची. जनावरांच्या प्रदर्शनात निवाडा करायला त्यांना लांबून बोलावणं यायचं. एका रविवारी ते मी पाठवलेली रेकॉर्ड काखेत धरून लातूरला माझ्या दारात उभे राहिले. आत आले, पाणी प्यायले, आणि रेकॉर्ड माझ्या नाकासमोर धरून म्हणाले, "वास घ्या."

मी वास घेतला. खोबरेल तेलाचा वास येत होता.

"आता मला सांगा," ते म्हणाले, "हिला तेल तुम्ही लावलं का तुम्हाला विकणाऱ्यानं?"

"विकणाऱ्यानं," मी म्हणालो. खरंच मी लावलं नव्हतं. ज्या भंगारवाल्याकडून ती घेतली होती त्यानं ओरखडे झाकायला तेलाचा बोळा फिरवला होता आणि तिरप्या उन्हातही मी फसलो होतो.

"तुम्ही लावून ऐकली होती का?"

"एक मिनिट ऐकली होती."

"म्हणजे ऐकली नव्हती." ते रागावले नव्हते, हे जास्त लागलं. "बाजारात म्हाताऱ्या बैलाची शिंगं तासून तेल लावून आणतात. उभा केला की राजबिंडा दिसतो. मी काय करतो, त्याला चालवून बघतो. वीस पावलं नाही, पार वेशीपर्यंत. तुम्ही या रेकॉर्डला वेशीपर्यंत चालवलं नाही."

मी पैसे परत द्यायला उठलो तर त्यांनी हातानंच बसवलं. तिच्या बदल्यात दुसरी कुठलीही चालेल, फक्त आपल्यासमोर दोन्ही बाजू पूर्ण लावायच्या, एवढीच त्यांची अट. मग आम्ही तीन रेकॉर्डी अखंड ऐकल्या, त्यांतली तिसरी त्यांनी घेतली, मध्ये पोहे झाले. त्या दिवसापासून मी प्रत्येक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी संपूर्ण ऐकल्याशिवाय तिच्याबद्दल एक अक्षर लिहीत नाही. एका रविवारात सात-आठच होतात. बायको म्हणते, या धंद्यात तुम्ही पगाराशिवाय दुसरी नोकरी धरली.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत मला हिमायतनगरहून एका शिक्षकाचा फोन आला. ग्रुपात कुणीतरी माझा नंबर दिला होता. त्यांचे वडील वर्षापूर्वी गेले होते. रेल्वेत नोकरी होती, गावोगाव फिरायचे आणि जिथं जातील तिथून रेकॉर्डी आणायचे. कपाट भरून रेकॉर्डी होत्या. आता शिक्षकांची मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती, तिच्या पुस्तकांना ते कपाट हवं होतं. एका भंगारवाल्यानं सगळं वजनावर मागितलं होतं. "पण आई म्हणाली, कुणीतरी समजणारा माणूस बोलव," असं ते म्हणाले. समजणारा माणूस म्हणून मी निघालो. शनिवारी नांदेडला मुक्काम केला आणि रविवारी सकाळच्या एसटीनं हिमायतनगरला उतरलो, हातात बॅगेसारखा बंद होणारा माझा प्लेअर घेऊन.

घर साधं, स्वच्छ. ओट्यावर तुळईला सायकल टांगलेली, आतल्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो आणि त्याच्या शेजारी बुद्धांची तसबीर. त्याखाली ते कपाट. शिक्षकांच्या आई अंगणात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटक. मी नमस्कार करून "मावशी" म्हटलं तर त्यांनी माझ्याकडे, मग प्लेअरकडे पाहिलं.

"हे पेटी कशाला आणली भाऊ? आमची हाय की."

"तपासून बघायला. प्रत्येक रेकॉर्ड लावून ऐकावी लागते."

"सगळ्या ऐकता? मंग आठ दिवस ऱ्हावं लागंल तुमाला."

मी हसलो. मनात मात्र हिशेब घातला तर त्यांचं बरोबर होतं, दीडशेच्या आसपास रेकॉर्डी होत्या. त्यात मी प्लेअरची वायर जोडली आणि लाईट गेली. शिक्षक म्हणाले, रविवारी दुपारपर्यंत येत नाही. ते शाळेच्या कुठल्याशा कामाला निघून गेले. मी म्हटलं, तोवर डोळ्यांनी बघून घेऊ. सतरंजी घेऊन अंगणात उन्हाला बसलो आणि एकेक रेकॉर्ड काढून तिरपी धरायला लागलो.

पहिली चांगली दिसली. दुसरीही. तिसरी नाट्यगीतांची होती, कव्हरवर एका बाईचं तानपुऱ्यासह चित्र. मी ती उन्हात फिरवत होतो तेवढ्यात मावशी कव्हरवर एक नजर टाकून पुन्हा सुपात बघत म्हणाल्या, "त्याच्या दुसऱ्या अंगाचं तिसरं गानं उडी मारतंय."

मला वाटलं, म्हातारीचा अंदाज. पण नीट बघितलं तर दुसऱ्या बाजूच्या मध्यावर खरंच केसासारखा एक ओरखडा होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"कसं म्हंजे? चाळीस वर्सं ऐकून राहिले मी."

मी पुढची काढली.

"ते नवंच हाय. त्यायला आवडलं न्हाई. दोनदा लावलं आन् ठिवून देलं."

मी वही काढली. त्यानंतर माझं काम फक्त कव्हर दाखवायचं. मावशींना वाचता येत नव्हतं, चित्र बघून त्या ओळखायच्या. कव्हर नसलेले जुने तवे मधल्या कागदाच्या रंगावरून आणि कडेच्या टवक्यावरून. "ह्याच्यावर च्या सांडला व्हता, पन लगेच पुसलं." "हे चांगलं हाय, शेवटाला थोडी खरखर हाय, तितं गानं संपतंच." "हे जयंतीला कर्ण्यावर लावायला लोकं न्यायचे, ह्याचं काय ऱ्हायलं नसंल." ती रेकॉर्ड उन्हात धरली तर राखेच्या रंगाची झाली होती. कर्ण्याच्या पेटीची सुई जड असते, चार जयंत्यांतच तिनं खाचांचा पार भुगा केला होता.

दोन तासांत नव्वद रेकॉर्डी झाल्या. मी आयुष्यात इतक्या वेगानं काम केलं नाही, कचेरीत तर नाहीच.

मध्येच मी विचारलं, "मावशी, तुम्ही यातल्या कुठल्या स्वतः लावायच्या?"

"एक बी न्हाई."

"म्हणजे?"

"हात लावू देत नव्हते न. रेघ पडंल म्हनायचे." हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. सुपातले खडे त्या तशाच वेचत होत्या. "मानूस चांगला व्हता. पगार आला की आधी माझ्या हाती द्यायचा. पन पेटीपुढं बसला की कोनाला वळखायचा न्हाई. ते बाहेर बसून ऐकायचे, मी चुलीपासी बसून. त्यायचं ध्यान गान्यात ऱ्हायचं. माझं ध्यान कुटं अडकतंय तितं, कारन अडकलं की ते वरडायचे आन् पोरं भ्यायची."

दुपारी जेवण झालं. ज्वारीची भाकरी, तुरीच्या सोल्यांची आमटी, वर मिरचीचा ठेचा. मी हात धुतो तोच लाईट आली. सगळ्या नव्वदांतल्या निदान चार-पाच तरी लावून बघू, असं मी ठरवलं. देवणीच्या डॉक्टरांचा चेहरा डोळ्यांपुढं होता. आधी ती तानपुऱ्याची रेकॉर्ड काढली आणि तिसरं गाणं कुठं उडी मारतं म्हणून विचारलं.

मावशींनी सांगितलं नाही, गाऊन दाखवलं. बसक्या पण सुरेल आवाजात त्यांनी एक ओळ म्हटली, तिच्या मध्ये दीड शब्द गाळला आणि पुढचा शब्द अर्ध्यातून धरला, सहज, जणू चालच तशी आहे. मी सुई टेकवली. बाई गात गात त्या ओळीपाशी आल्या, बारीक टक् झालं, आणि अगदी तोच दीड शब्द गेला. मावशी रेकॉर्डबरोबरच गात होत्या. दोघी एकाच ठिकाणी उडी मारून एकाच ठिकाणी उतरल्या. मी सुई उचलून पुन्हा लावली. पुन्हा तेच. माझ्या अंगावर काटा आला आणि हसूही आलं.

चार रेकॉर्डींबद्दलचं मावशींचं म्हणणं तंतोतंत खरं निघालं. पाचवीला त्या चुकल्या. एका लावणीच्या रेकॉर्डबद्दल त्यांनी "बाईचा गळाच किरकिरा हाय, घेऊ नका" असं सांगितलं होतं. लावली तर आवाज खणखणीत, कुठं किरकिर नाही. त्या चकित होऊन उठून जवळ आल्या.

"हे ते न्हाईच."

"तेच आहे. कव्हर बघा."

त्यांनी कव्हर हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं. ती रेकॉर्ड आणली त्या साली पेटीची सुई झिजली होती. नांदेडला नवी मिळाली नाही म्हणून सहा महिने तीच चालवली होती आणि मग ती लावणी मागं पडली ती पडलीच. गळा त्या बाईचा नव्हे, सुईचा किरकिरा होता.

"आता बगा," मावशी खाली बसत म्हणाल्या. "इतकी वर्सं त्या बाईला मी नाव ठिवलं."

त्यांनी ती दोन्ही बाजूंनी ऐकली. तूर तशीच राहिली. मला काय वाटलं कोण जाणे, ती संपल्यावर मी दुसरी एक रेकॉर्ड त्यांच्यापुढं धरली आणि म्हटलं, "आता तुम्ही लावा."

"मी? न्हाई बा."

"कडेनं धरायची. तळव्यांत. बोट खाचांना लावायचं नाही."

त्यांनी आधी पदराला हात पुसले. रेकॉर्ड दोन तळव्यांत घेतली, सुपातलं धान्य पाखडताना धरतात तशी जरा तिरकी, आणि पहिल्याच प्रयत्नात बरोबर भोकावर बसवली. मिशा उमटल्या नाहीत. मग सुईचा दांडा उचलला. इथवर सगळं छान झालं. पण दांडा खाली ठेवताना सुई घसरली आणि आतल्या गाण्यापर्यंत खर्रकन ओढत गेली. असा आवाज ऐकला की माझ्या दातांना कळ येते. मी झटकन दांडा उचलला.

मावशींनी रेकॉर्ड काढली. सकाळपासून मी धरत होतो तशी दारातल्या उन्हात तिरपी केली. कडेपासून आतपर्यंत एक पांढरी रेघ चमकत होती. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं मला धाडस होईना. नव्वदांतली ती सगळ्यात चांगल्या दहांपैकी एक होती.

"पडली की वो रेघ," त्या म्हणाल्या. आणि हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. शिक्षक तेवढ्यात परत आले, त्यांना कळेना काय झालं. आई हसते म्हणून तेही हसायला लागले.

"लिवा भाऊ," मावशी मला म्हणाल्या. "ह्याला रेघ हाय. माझ्या हातची हाय म्हनून लिवा."

उरलेल्या साठ रेकॉर्डी संध्याकाळच्या बसच्या आत झाल्या. मी विचारलं, एखादी तरी ठेवून घ्या, आठवण म्हणून. त्यांनी मान हलवली. "मला पाठ हायत सगळ्या. पोरीची पुस्तकं राहू द्या तितं." भाव ठरला, शिक्षकांनी एक ओळखीची जीप केली आणि पुढच्या आठवड्यात सगळा माल लातूरला पोचता केला.

त्यानंतर प्रश्न आला, फोटोखाली काय लिहायचं? दीडशे रेकॉर्डी अखंड ऐकायला मला पाच महिने लागले असते. मी पहिल्या वीस ऐकल्या, वहीशी ताडून पाहिल्या आणि मग सरळ मावशींचीच वाक्यं उतरवायला लागलो. 'शेवटाला थोडी खरखर, तिथं गाणं संपतंच.' 'चहा सांडला होता, लगेच पुसला.' 'मालकाला आवडली नाही, दोनदाच लावली.'

देवणीच्या डॉक्टरांचा त्याच दिवशी फोन आला. "ही भाषा तुमची नाही."

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हिमायतनगरचा नंबर द्या." दोन दिवसांनी त्यांनी चाळीस रेकॉर्डी घेतल्या, एकही लावून न बघता. मावशींशी काय बोलणं झालं असं विचारलं तर म्हणाले, रेकॉर्डींबद्दल पाच मिनिटं आणि त्यांच्या म्हशीच्या पायाबद्दल अर्धा तास. म्हैस आता बरी आहे.

त्या मालातली एकही रेकॉर्ड परत आली नाही. मावशींच्या रेघेची सगळ्यात आधी गेली. परभणीच्या एका बाईंनी ती मागून घेतली, आणि कशासाठी ते मी विचारलं नाही. शिक्षकांनी आईला फोनमध्ये ती सगळी गाणी शोधून दिली. मावशींना ती आवडतात, फक्त नाट्यगीतांतल्या एकाबद्दल त्यांची तक्रार आहे की फोनवाल्यांनी त्यात दीड शब्द उगाच जास्तीचा घातलाय.

आता मी माझे शब्द वापरत नाही. 'उत्तम' नाही, 'मध्यम' नाही. रेकॉर्ड ऐकतो आणि ती कुठं काय करते ते साध्या वाक्यात लिहितो. लोकांना ते आवडतं असं दिसतं, निदान भांडण होत नाही. कोठी रिकामी झाली नाही, पण बायकोनं तिच्यावर वीसपेक्षा जास्त ठेवायच्या नाहीत एवढ्यावर तडजोड केली आहे.

गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. नात परीक्षेला नांदेडला गेली होती, पेपर बरा गेला, हे आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "भोकरला एका घरी कॅसेटी हायत. तिकडं लग्नाला गेल्ते तर म्या बगून आले. शंभराच्या वर हायत."

मी लगेच म्हणालो, "येतो की रविवारी."

"येऊ नका. उघडून पाह्यल्या म्या. आतल्या फितीला पांढरी बुरशी हाय आन् फितीला चेपून धरतो तो कापडाचा तुकडा बी गळून पडलाय. मोटारीचं भाडं वाया जाईल."

"एखादी तरी चांगली असेल, मावशी."

"दोन हायत. त्या म्या घेऊन आले. पोरगा लातूरला येनार हाय, त्याच्या संगं पाठवते."

मी रविवारी घरीच राहिलो.